भाऊ, तुम्ही सगळ्यांच्या पुढं चाला

या वेळचं पत्र दर्यापूर तालुक्यातून आलंय. नाव-गाव गाळून, थोडं आखडून देते.

"नमस्कार ताई. वय 57, अकरा एकर कोरडवाहू, कपाशी-तूर-हरभरा. पोरगा पुण्याले नोकरीले आहे. तो अन् त्याचे पाच दोस्त एप्रिलात संदकफूले चालले. सहा दिवस डोंगरात पायी, रोज रातच्याले येगळ्या झोपडीत मुक्काम. पोरगा म्हणते, बाबा तुमी चला, खर्च मी करतो. मले लय जावं वाटते. शेगावच्या पालखीसंगं दोनदा पंढरपूरले पायी गेलो, तरणा होतो तवा खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढलो. पण आता बीपीची गोळी चालू आहे, उतरतानी उजवा गुडघा दुखते, खर्रा सुटत नाही. घरची म्हणते, या वयात कायले जीव धोक्यात घालता. माह्या मनातलं खरं भेव येगळं आहे. त्या पोराइच्या मधात मले दम लागला, मी मांगं पडलो, तं पोराले खाली पाहा लागन. सांगा, जाऊ का नोको?"

भाऊ, जा. पत्र वाचून संपायच्या आधीच माझं उत्तर ठरलं होतं. शेगाव ते पंढरपूर ज्यानं दोनदा पायाखाली घातलं, त्याला मुक्काम-दरमुक्काम चालणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. संदकफूची वाटही तशीच आहे. सकाळी चहा घेऊन निघायचं, दुपारपर्यंत पुढचं ठिकाण गाठायचं, तिथे जेवण आणि अंथरूण मिळतं. तंबू-भांडी पाठीवर वाहायची नसतात. पश्चिम बंगाल आणि नेपाळच्या सीमेवरून, सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेनं जाणारी ही वाट हिमालयातल्या सोप्या वाटांपैकी एक समजली जाते, आणि तुमच्या वयाची माणसं दर हंगामात ती चालतात.

पण तुमच्या बीपीच्या गोळीपेक्षा आणि गुडघ्यापेक्षा मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळींची. पोराला खाली पाहावं लागू नये म्हणून तुम्ही दम लपवाल, डोकं दुखलं तर गप्प बसाल. सगळं बिघडतं ते तिथेच. हे मी ऐकीव सांगत नाही.

2017 च्या एप्रिलमध्ये मी भाच्यासोबत आणि त्याच्या मित्रांसोबत याच वाटेनं गेले होते. मी तेव्हा 49 वर्षांची. मानेभंजन हे पायथ्याचं गाव 2,000 मीटरच्या आसपास आहे. तिथून निघालो ते पहिल्याच दिवशी टोंगलूला पोचलो, 3,070 मीटरवर. म्हणजे एका दिवसात हजार मीटर वर चढून तिथेच झोपलो. रात्री कपाळ ठणकायला लागलं. सकाळी मी गुपचूप एक गोळी घेतली आणि कोणाला काही बोलले नाही. पोरं पुढे गाणी म्हणत चाललेली, मी मागून "आले, आले" म्हणत होते. गैरीबासला वाट खाली उतरते, तिथे जरा बरं वाटलं. त्या बळावर त्याच दिवशी कालपोखरीपर्यंत चढले.

कालपोखरीला काळ्या पाण्याचं एक लहानसं तळं आहे. थंडीतही ते गोठत नाही असं तिथले लोक सांगतात. मी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही, इतकं डोकं फुटत होतं. संध्याकाळी सगळे चुलीपाशी बसलो. घर चालवणाऱ्या दिदीनं समोर डाळ-भाताचं ताट ठेवलं. मी भाताचे घास करून ताटाच्या कडेला सरकवत राहिले, जेवल्यासारखं दिसावं म्हणून. ती भांडी विसळता विसळता माझ्याकडे बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर दुखता है ना? कब से?" मी म्हटलं, "कल से." तिनं सरळ माझ्या भाच्याला हाक मारली.

रात्रभर उलट्या झाल्या. भाचा उशाशी बसून होता, तासातासानं मला उठवून माझं नाव विचारायचा, गावाचं नाव विचारायचा, मी शुद्धीवर आहे ना हे बघायला. उजाडताच जीपनं मला खाली उतरवलं. मानेभंजनला पोचेपर्यंत डोकं हलकं झालं होतं आणि दुपारी मी पोटभर जेवले. त्या दिवशी भाचा मला एवढंच म्हणाला, "मावशी, काल सकाळी सांगितलं असतं तर आपण गैरीबासलाच थांबलो असतो ना." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याच्यावर ओझं होऊ नये म्हणून मी जे लपवलं, त्याचं दुप्पट ओझं त्यानं त्या रात्री उचललं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं परत गेलो, एक दिवस जास्तीचा घेऊन, आणि संदकफूला पोचलो.

असं का होतं ते नीट समजून घ्या. दर्यापूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आत-बाहेर. संदकफू 3,636 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच, म्हणजे दोन तृतीयांशच मिळतो. पाणी तिथे 88 अंशांच्या आसपासच उकळतं. तुमच्या शेतातली तुरीची डाळ कुकरशिवाय तिथे धड शिजायची नाही. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. अंगात किती ताकद आहे याच्याशी याचा फारसा संबंध नाही. रोज जिमला जाणाऱ्या पंचविशीतल्या पोरालाही हा त्रास होतो, कारण तो भराभर चढून जातो. तेव्हा तुमच्या पोराच्या दोस्तांपैकीच कोणी आधी आडवं झालं तर नवल वाटू देऊ नका.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर, भूक मेलेली किंवा अंग गळून गेलेलं, असं असेल तर त्या दिवशी पुढे चढायचं नाही. आहे तिथे थांबायचं. थांबूनही वाढलं तर खाली यायचं. आणि बसल्या जागी दम लागत असेल, चालताना दारू प्याल्यासारखा तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली. खाली उतरणं हाच याचा मुख्य इलाज.

म्हणून पोराला आजच फोन करून विचारा, रोजचा मुक्काम कुठे कुठे ठरवलाय. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, हा डोंगर चालणाऱ्यांचा पारखलेला नियम आहे. मी तुमच्या जागी असते तर असं आखलं असतं: दार्जिलिंग किंवा मानेभंजनला एक रात्र. दुसऱ्या दिवशी फक्त चित्रे गावापर्यंत, तो चढ उभा आहे पण लांब नाही. मग तुमलिंग. मग गैरीबास, ते 2,621 मीटरवर आहे, म्हणजे वर चालून येऊन खाली झोपणं होतं आणि शरीराला तेच हवं असतं. तिथून कालपोखरी सहा किलोमीटर, दुसऱ्या दिवशी संदकफू आणखी सहा. अंतर ऐकून हसू येईल, पालखीत सकाळच्या न्याहारीपर्यंत तुम्ही तेवढं चालला असाल. पण कालपोखरीपुढचा शेवटचा चढ एकेक पाऊल मोजायला लावतो. पोरांच्या आराखड्यात फालुट असेल, ते संदकफूहून 21 किलोमीटर पुढे आहे. सहा दिवसांत दोन्ही बसवायचं म्हणजे सगळी घाई तुमच्या छातीवर येणार. एक तर दिवस वाढवा, नाही तर फालुट सोडा. हे पोराला स्पष्ट सांगा.

आता चालण्याचं. गटात सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे असावा, मागे नाही. मागचा माणूस कायम धावतपळत गाठायला बघतो. तो पोचतो तेव्हा विसावलेली मंडळी उठून चालायला लागतात, आणि ज्याला विसाव्याची खरी गरज त्यालाच तो मिळत नाही. पुढे तुम्ही असाल तर तुमच्या पावलावर सगळे चालतील. दिंडीत तुम्ही हे पाहिलंय, एकटा कोणी आधी मुक्कामी पोचून उपयोग नसतो. वेग किती ठेवायचा याचं माप सोपं आहे: चालताना अभंग म्हणता आला पाहिजे. दोन शब्दांत श्वास तुटायला लागला की पाऊल आणखी लहान करा.

आणि निघायच्या आधी, गाडीत बसायच्याही आधी, पोराला शेजारी बसवून सांगा: "मले दम लागन, मी थांबीन. डोकं दुखलं तं त्याच घडीले तुले सांगीन, अन् तू वापस फिरवशीन तं मी फिरीन." त्याच्याकडूनही हेच वचन घ्या, कारण तरणी पोरंही बापासमोर लपवतात. मला तुमच्या पोराबद्दल एक गोष्ट पत्रावरूनच कळते. पाच मित्रांसोबत जाताना ज्याला बापाला सोबत न्यावंसं वाटतं, तो बापाला धाप लागली म्हणून मान खाली घालणारा नाही.

मानेभंजनहून संदकफूपर्यंत जीपचा रस्ता आहे आणि वाट बरीचशी त्याच्या आगेमागे जाते. फार थकलात किंवा गुडघा बसला तर जीपनं उतरता येतं. मात्र चढताना जीपचा मोह टाळा. एका दिवसात 2,000 वरून 3,636 मीटरवर जाऊन झोपणं हे चालत जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

गुडघ्याचं. तुम्ही दिवसभर शेतात चालता म्हणून सराव आहेच, असं समजू नका. आपली काळी जमीन सपाट, पूर्णेच्या काठी चढ-उतार तो किती. चढताना छाती भरते, पण उतरताना गुडघा मार खातो. भरली बंडी उतारावरून न्यायची असली की सगळं ओझं बैलांच्या मानेवर कसं येतं, जू पुढे सरकतं, बैल पाय रोवून थांबवायला बघतात. तेच काम उतारावर तुमची मांडी करते. मांडीत जोर नसला की भार गुडघ्यावर. संदकफूवरून गुरदुम, श्रीखोलाकडे उतरताना दीड हजार मीटरचा उतार आहे. तो एका दिवसात उतरू नका, गुरदुमला मुक्काम करा. दोन काठ्या घ्या, एक नाही, दोन. आणि आतापासून उतरायचा सराव करा. रविवारी एस.टी.नं परतवाड्याला जाऊन मुक्तागिरीच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा, पहिल्यांदा रिकाम्या हातानं, मग पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन. चिखलदऱ्याला गेलात तर गाविलगडावर फिरा, पण मेळघाटच्या जंगलात पायी शिरू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे. मधल्या दिवसांत गावातल्या शाळेचा जिना पुरेल. दहा आठवडे केलंत तर फरक कळेल. दुसऱ्या महिन्यातही गुडघा सुजत असेल, तर हाडाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय जाऊ नका. तिथे मी "जा" म्हणणार नाही.

डॉक्टरकडे तसंही जायचंच आहे. बीपी, साखर, ईसीजी, आणि रक्तातलं क्रिएटिनिन. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय. आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, किडनीचा पेशंट नाही असं गाव शोधावं लागेल. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आधीपासून देतात, पण किडनी कमजोर असेल किंवा सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही. पोराच्या मित्रानं दिली म्हणून घ्यायची नाही, तुमच्या डॉक्टरनं लिहून दिली तर घ्यायची. बीपीची गोळी प्रवासात एक दिवसही चुकवू नका. वाटेत दारू नाही, झोपेची गोळी नाही.

आणि खर्रा. भाऊ, तुम्ही तो पत्रात स्वतःहून लिहिलात, म्हणजे तो तुम्हालाही खुपतोय. तंबाखूनं नाडी वाढते, बीपी वाढतं, आणि तिथे प्रत्येक श्वास मोलाचा आहे. आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं तुम्हीही पाहिलीत, मीही पाहिलीत. एप्रिलला अवकाश आहे. आज दिवसाला पाच असतील तर या महिन्यात तीन, पुढच्या महिन्यात एक. पोराला सांगून सोडा. सोडताना चिडचिड होईल ती निघायच्या आधीच होऊन जाऊ द्या.

मुक्कामाची घरं कशी असतात, तेही सांगते. सरकारी ट्रेकर्स हट आहेत आणि गावकऱ्यांची खासगी घरंही. लाकडी फळ्यांच्या भिंती, एका खोलीत चार-सहा खाटा, जाडजूड रजाया. संडास बऱ्याच ठिकाणी बाहेर, म्हणून उशाशी बॅटरी ठेवा. पोचल्या पोचल्या किती जण जेवणार ते सांगायचं, कारण तांदूळ मापून टाकतात. सगळं सामान खालून येतं, ताटात टाकू नका. डाळ-भात, बटाट्याची भाजी, कधी गरम थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप. आठ वाजता सगळीकडे सामसूम होते. एप्रिलमध्ये गर्दी असते म्हणून जागा आधी सांगून ठेवायला लावा. सोबत वाटाड्या घ्यावा लागतो, आणि आधार किंवा मतदान कार्ड जवळ असू द्या, सीमेवर चौक्या आहेत.

एप्रिल तुमच्यासाठी बरोबरच आहे. हरभरा निघालेला, कपाशीच्या पेरणीला वेळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा जास्त स्वच्छ असते, पण तेव्हा तुमची वेचणी. एप्रिलमध्ये डोंगर गुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) लाल फुलांनी भरलेला असतो, पण ढग फार. पहाटे उठा. मी संदकफूला दोन सकाळी नुसतं धुकं पाहिलं. तिसऱ्या दिवशी साडेचारला दिदीनं दार वाजवलं, बाहेर आले तर समोर कांचनजंगा, आधी राखाडी, मग टोकाला एक केशरी ठिपका, आणि तो ठिपका हळूहळू खाली पसरत गेला. डावीकडे दूर एव्हरेस्ट, बोटाच्या पेराएवढं. भाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. दोघंही काही बोललो नाही.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. दहा-बारा दिवस घर, गुरं, दूध त्याच बघणार, म्हणून त्यांचं म्हणणं एका ओळीत उडवू नका. डॉक्टरचा कागद आला की तो त्यांना दाखवा. वाटेवर फोन लागेलच असं नाही, तेव्हा कुठल्या दिवशी कुठल्या मुक्कामाला असणार ते लिहून त्यांच्याजवळ ठेवा, नाही तर पहिल्याच रात्री त्या घाबऱ्या होतील. आणि एकदा विचारून बघा, त्यांना दार्जिलिंगपर्यंत यायचंय का. विचारलं नाही म्हणून न आलेल्या बाया मी खूप पाहिल्यात.

कपड्यांचं थोडक्यात. दर्यापूरला पारा 43 वर असेल आणि संदकफूला पहाटे पाणी गोठायला आलेलं असेल. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या, म्हणजे चढताना काढता येतात. जन्मभर कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे सांगताना जड जातं, पण अंगाला लागून सुती बनियन नको. घामानं भिजलं की तिथल्या गारठ्यात वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा पॉलिस्टर घाला. माकडटोपी, हातमोजे, पावसाचा डगला. बूट आताच घेऊन शेतात घालून फिरा, अंगठ्याची नखं निघायच्या आदल्या दिवशी कापा, उतारावर ती बुटाला आपटून काळी पडतात.

खर्च पोरगा करतो, हेही तुम्हाला टोचतंय असं वाटलं. मग बडनेऱ्याहून हावड्याची गीतांजली आणि सियालदहहून न्यू जलपाईगुडीची गाडी, ही तिकिटं तुम्ही काढा. आणि सगळ्यांचा खाऊ तुमच्याकडे ठेवा. फुटाणे-गूळ, शेंगदाण्याचे लाडू, तिखट शंकरपाळे, जवसाची चटणी. तीन हजार मीटरवर भूक मंदावते तेव्हा घरची चटणी लावून दोन घास जास्त जातात, पुण्याच्या त्या पोरांना हे पहिल्याच रात्री कळेल. चटणी कोरडीच न्या. तेलात कालवलेली नेली तर शेंगदाण्याचं तेल तिथल्या थंडीत थिजतं.